खाडा

अजमानच्या मेडिकल सेंटरात
माझी खुर्ची खिडकीपासून तिसरी.
एक्सरे पलीकडे, रक्त शेजारी,
माझ्यापुढे फक्त लघवीचे कप
आणि त्यांवर निळ्या पेनाचे नंबर.

तीन थेंब. पाच मिनिटं.
एक रेघ आली तर बाई कामाची.
दोन आल्या तर फाइल लाल टोपलीत,
मग मालकाचा माणूस येतो,
पासपोर्ट त्याच्याच खिशात असतो,
तिला काही विचारावं लागत नाही.

मलाही एकदा दोन आल्या होत्या.
पण माझ्या निकाहनाम्यावर चार शिक्के होते,
मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा, इथला.
सगळ्यांनी मुबारक म्हटलं.
फक्त नवऱ्याच्या पगारात तीनशे दिरहम कमी पडले
म्हणून उमैर खेडला जन्मला
आणि खेडलाच राहिला.
आता सात वर्षांचा आहे.
फोनवर मला पडलेल्या दाताची जागा दाखवतो
आणि लगेच फोन नानीकडे देतो.

मंगळवारी आलेली, कुशिवर्ता.
वडवणीकडची.
मी शेजारणीला "अगं, झाकण दे" म्हटलं
तेवढ्यावरून तिनं ओळखलं.
"तुमी आपल्याकडच्या हाव का?"
कप पुढे सरकवून हसली.
"कशाला तपासता बाई,
मला पिशवीच न्हाई.
चोविसाव्या वर्षीच काढली."

पिशवी.
बाजाराला नेतो तीही पिशवीच,
रिकामी झाली की घडी घालून
दारामागच्या खिळ्याला.

उभ्या उभ्याच सांगितलं तिनं,
दुसऱ्या कुणाचा निरोप द्यावा तसं:
ऊसतोडीला जोडी लागते.
पाळीत अंग धरलं की खाडा,
खाड्याला दंड, दंड उचलीत.
मुकादमाच्या ओळखीचा डॉक्टर म्हणाला,
ठेवलीस तर कॅन्सर.
त्या साली एकही खाडा पडला नाही.
आणि इकडं पाठवणारा एजंट
तोच कागद वाचून म्हणाला,
ही बरी, हिची कटकट नाही.

खाडा म्हटलं की मला खाडी ऐकू येते.
आमची, खेकड्यांची, चिखलाची,
आणि ही काचेपलीकडची,
लाकडी गलबतांची, डिझेलच्या वासाची.
काना आणि वेलांटी, मध्ये एवढंच अंतर.

तिच्या मॅडमला सातवा महिना, पाचवी खेप.
रात्री पाय कुशिवर्ता चेपते.
"तिलाबी कुनी इचारत न्हाई, बिचारीला,"
म्हणाली.

मग नंबर एकशे बारा. रोवेना.
पहिली रेघ ठळक,
दुसरी फिकी, पण होती.
ती पट्टीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.
कराराचे दोन महिने उरलेले,
पाच महिन्यांचा पगार थकलेला,
तो हातात आला की
स्वतःच्या तिकिटावर, स्वतःच्या पायांनी
गेली असती.
मूल कुणाचं, मी विचारलं नाही.
फॉर्मवर तो रकाना नाही.
"माम," म्हणाली. पुढचं म्हणता आलं नाही.

कुशिवर्ता अजून दारातच,
ओढणीची पिन शोधत.
एक शब्द कळला नसेल, पण बाकी सगळं कळलं.
स्वतःच्या कपाकडे बोट केलं तिनं.
"माझं उरलंय की अर्धं.
त्यात कधीच काय येनार न्हाई.
तिच्या नावानं घाला."

पुढचं मी लिहीत नाही.
माझाही व्हिसा आहे,
आणि उमैरची फी.

एवढंच लिहिते:
पाच मिनिटं आम्ही तिघी
भिंतीवरच्या घड्याळाखाली होतो.
कुशिवर्ता तिच्या पाठीवरून हात फिरवत
"सकाळपासनं खाल्लं का काय?" विचारत होती,
आणि रोवेना तिच्या भाषेत
काहीतरी लांबलचक उत्तर देत होती.

लाल टोपली माझ्या डाव्या हाताला असते.
संध्याकाळी फायली मोजून द्यायच्या.
त्या दिवशी मी
दोनदा मोजल्या.